पोस्टग्रेस बसवताना

डेबियन 13 चालवणाऱ्या यंत्रावर पोस्टग्रेएसक्यूएल बसवायला एक कमांड पुरते. टर्मिनल उघडून ‘एपीटी’ला पॅकेजचं नाव सांगायचं आणि पासवर्ड द्यायचा. पडद्यावरून भराभर ओळी सरकतात आणि काम संपतं. त्या ओळींमध्ये शेवटाकडे एक ओळ असते: ‘17’ आवृत्तीचं ‘मेन’ नावाचं नवं क्लस्टर तयार करत आहे. बहुतेक जण ती वाचत नाहीत, आणि वाचली तरी तिच्यात काही विशेष दिसत नाही.

क्लस्टर म्हणजे एका सर्व्हरखाली चालणाऱ्या डेटाबेसांचा संच, आणि खरं तर सगळं महत्त्वाचं त्या ओळीत घडलेलं असतं. डेटा डिस्कवर कुठे राहणार, त्याचा मालक कोण, अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची, शब्दांचा क्रम कोणत्या नियमाने लावायचा, कोणाला पासवर्डाशिवाय आत घ्यायचं, हे सगळं यंत्राने तुमच्या वतीने ठरवून टाकलेलं असतं. यातलं काही नंतर एका ओळीने बदलता येतं. काही मात्र सगळा डेटा बाहेर काढून नव्याने भरल्याशिवाय बदलत नाही. म्हणून पहिली नोंद आत जाण्यापूर्वी हे निर्णय पाहून घेणं मला इन्स्टॉलेशनचा खरा भाग वाटतो.

आधी थोडं मागे जाऊ. 1970 साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कॉड मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होते, शिक्षणाने गणिती. तोवर डेटा मिळवायचा तर तो डिस्कवर एकमेकांशी कसा जोडलेला आहे, कोणत्या वाटेने चालत गेलं की कुठली नोंद सापडते, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागे. वाट बदलली की प्रोग्रॅम मोडत. कॉड यांचं म्हणणं असं, की माहिती टेबलांच्या रूपात मांडा. विचारणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं, आणि ते कसं शोधायचं ही यंत्राची जबाबदारी. याच विचारातून आयबीएममध्ये ‘सिस्टम आर’ उभी राहिली आणि डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी जी भाषा रचली ती आजची एसक्यूएल.

त्याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग ‘इंग्रेस’ घडवत होते. इंग्रेसनंतरचं म्हणून 1986 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचं नाव ‘पोस्टग्रेस’. त्याला एसक्यूएल मात्र येत नव्हती. 1994 मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी ती जोडली, आणि 1996 मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल हे लांबलचक नाव ठरलं. बोलताना लोक आजही पोस्टग्रेसच म्हणतात. कॉड यांना 1981 चा आणि स्टोनब्रेकर यांना 2014 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हा इतिहास इथे आणण्याचं कारण साधं आहे. ‘कसं शोधायचं ते यंत्रावर सोडा’ असं एकदा म्हटलं, की यंत्राच्या आतली व्यवस्था धड असण्यावर सगळी भिस्त राहते. ती व्यवस्था इन्स्टॉलेशनच्या वेळीच घातली जाते.

आता पडद्याकडे वळू. सर्व्हर चालू झाला का हे पाहायला बरेच जण ‘सिस्टमसीटीएल’ला पोस्टग्रेएसक्यूएलची स्थिती विचारतात. उत्तर येतं ‘ॲक्टिव्ह’, आणि पुढे कंसात ‘एक्झिटेड’. ते वाचून नवखा माणूस हमखास घाबरतो आणि सगळं काढून पुन्हा बसवायला घेतो. त्याची गरज नसते. डेबियनमध्ये त्या नावाची सेवा केवळ छत्रीसारखी धरलेली असते. आपलं काम झालं की ती बाजूला होते. खरा सर्व्हर ‘17-मेन’ अशा शेपटाच्या वेगळ्या सेवेखाली चालू असतो. त्यापेक्षा ‘पीजी एलएसक्लस्टर्स’ ही डेबियनची स्वतःची कमांड द्यावी. ती एका ओळीत सगळं दाखवते: आवृत्ती 17, नाव मेन, पोर्ट 5432, स्थिती ऑनलाइन, मालक पोस्टग्रेस, डेटाची डिरेक्टरी, लॉगची फाइल. ही ओळ वहीत उतरवून ठेवा. अडचणीच्या रात्री पहिली गरज तिचीच लागते.

त्यातला मालक म्हणजे ‘पोस्टग्रेस’ नावाचा लिनक्सचा एक युजर. पॅकेजने तो आपणहून निर्माण केलेला असतो, त्याला पासवर्ड नसतो, आणि डेटाच्या डिरेक्टरीत तो आणि रूट यांच्याशिवाय कोणाला डोकावता येत नाही. सर्व्हर रूटच्या नावाने चालवायचा प्रयत्न केला तर पोस्टग्रेस सरळ नकार देतो. हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो. उद्या सर्व्हरमध्ये एखादी फट सापडली आणि कोणी आत शिरलं, तरी त्याच्या हाती डेटाबेस येईल, अख्खं यंत्र आपोआप येणार नाही.

याच ठिकाणी पहिली चूकही येते. आपल्या नेहमीच्या खात्यातून ‘पोस्टग्रेस’ या नावाने डेटाबेसमध्ये शिरायचा प्रयत्न केला की ‘पीअर ऑथेंटिकेशन’ फसल्याचा संदेश मिळतो. पासवर्ड विचारलासुद्धा जात नाही, मग चुकलं काय? यंत्रातल्या यंत्रात, सॉकेटमार्गे येणाऱ्या माणसाची ओळख पोस्टग्रेस थेट लिनक्सच्या कर्नलला विचारतो. कर्नल सांगतो, हा अमुक युजर आहे. डेटाबेसमध्ये ज्या नावाने शिरायचं आहे ते आणि हे एकच असेल तर दार उघडतं, नाहीतर नाही. पासवर्ड चोरीला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. इंटरनेटवर यावर जो उपाय सर्रास सांगितला जातो, परवान्यांच्या फाइलमध्ये ‘पीअर’च्या जागी ‘ट्रस्ट’ लिहा, तो कृपा करून करू नका. ट्रस्टचा अर्थ कोणीही यावं आणि कोणत्याही नावाने यावं. सुडोने एकदा पोस्टग्रेस युजर व्हावं, आपल्या लॉगिनच्याच नावाचा रोल, म्हणजे डेटाबेसमधलं खातं, तयार करावा, आणि बाहेर पडावं. पुढे सगळं सुरळीत चालतं.

आता ज्या निर्णयाकडे मराठीत काम करणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं तो घेऊ: अक्षरं आणि त्यांचा क्रम.

क्लस्टर तयार होताना पोस्टग्रेस यंत्राची भाषा आणि प्रांत, म्हणजे ‘लोकॅल’, पाहतो आणि त्यावरून एन्कोडिंग ठरवतो. लोकॅलमध्ये युटीएफ-8 असेल तर उत्तम. पण अगदी आटोपशीर बसवलेल्या सर्व्हरवर लोकॅल कधी कधी नुसता ‘सी’ असतो, आणि मग एन्कोडिंग होतं ‘एसक्यूएल आस्की’. त्यात मराठी मजकूर जातो, परत वाचताही येतो, म्हणून महिनोन्‌महिने काही बिघडल्यासारखं वाटत नाही. मात्र सर्व्हरच्या लेखी ती अक्षरं नसून नुसते बाइट असतात. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये त्याचे घटक दहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. देवनागरीचा प्रत्येक घटक युटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण 30. लांबी विचारली तर युटीएफ-8 मधला पोस्टग्रेस 10 सांगतो आणि आस्कीतला 30. नावाच्या रकान्याला 25 ची मर्यादा घातली असेल, तर दुसऱ्या डेटाबेसमध्ये ज्ञानेश्वरांची नोंदच होणार नाही. आणि पहिल्यातही, मर्यादा ठरवताना डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजून चालत नाही; जोडाक्षरं धरून भरपूर जागा सोडावी लागते.

क्रमाची गोष्ट याहून नाजूक आहे. वाचनालयाची पुस्तकयादी अकारविल्हे लावायची आहे असं समजा. ‘सी’ लोकॅलमध्ये क्रम लागतो तो युनिकोडच्या क्रमांकांवरून. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा लच्या लगेच मागे बसलेला आहे, वच्या आधी. त्यामुळे काल, काळजी, कावळा, काहिली असा क्रम मिळतो. शाळेत आपण ह नंतर ळ म्हणायला शिकलो. त्या हिशेबाने काल, कावळा, काहिली आणि मग काळजी यायला हवी. क्ष आणि ज्ञ यांचंही तसंच. क्रमांकांच्या हिशेबात ‘क्षमा’ कोल्ह्यानंतर आणि खडूच्या आधी येते, कारण तिथे ती क, हलन्त आणि ष अशी तुकड्यांत असते. वर्णमाला म्हणणाऱ्याला ती शेवटी सापडेल असं वाटतं. काही कोशकार क्षला कमध्येच ठेवतात हेही खरं. तेव्हा आपल्याला कोणता क्रम हवा हे आधी माणसांनी ठरवायचं आणि मग यंत्राला सांगायचं.

सांगायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. आयसीयू नावाच्या लायब्ररीत जगातल्या बहुतेक भाषांचे क्रमनियम आहेत, मराठीचेही. आवृत्ती 10 पासून एखाद्या रकान्यापुरता किंवा एखाद्या क्वेरीपुरता मराठीचा नियम लावता येतो, आणि आवृत्ती 15 पासून अख्ख्या डेटाबेसचा मूळ नियम म्हणून तो निवडता येतो. अट एवढीच की डेटाबेस तयार करताना ‘टेम्प्लेट 0’ या कोऱ्या साच्यावरून करावा लागतो. नेहमीचा ‘टेम्प्लेट 1’ दुसऱ्या भाषेचा नियम स्वीकारत नाही, कारण त्यात आधीच काही साठलेलं असू शकतं. डेटाबेस तयार झाला की खरा डेटा भरण्याआधी वरचे शब्द एका छोट्या टेबलात घालून क्रमाने मागवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कागदोपत्री आश्वासनापेक्षा हे जास्त भरवशाचं.

जाता जाता ‘ॲ’बद्दल. ‘ॲप’ मधलं पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक अखंड ॲ, आणि दुसरं अ वर अर्धचंद्राची खूण देऊन. दिसायला दोन्ही सारखीच; युनिकोडच्या दृष्टीने वेगळी, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण लावलं तरी ती एक होत नाहीत. एकाने एका कीबोर्डने भरलेलं नाव दुसऱ्याला शोधून सापडत नाही, याचं कारण पुष्कळदा इथे असतं. हे सर्व्हर बसवून सुटणारं नाही, डेटा भरणाऱ्या फॉर्मवरच सुधारावं लागतं.

क्रम म्हणजे यादीची केवळ शोभा, असं वाटत असेल तर 2018 ची हकीकत ऐकण्यासारखी आहे. डेटाबेस झटपट शोधतो तो इंडेक्सच्या आधाराने, आणि मजकुराचा इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादीच. क्रमाचे नियम पोस्टग्रेस स्वतः ठेवत नसे. लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूळ लायब्ररीकडून घेत असे. ऑगस्ट 2018 मध्ये जीलिबसीची 2.28 ही आवृत्ती आली आणि तिच्यात हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. ज्यांनी नंतर ऑपरेटिंग सिस्टम नवी केली पण डेटा जुनाच राहू दिला, त्यांचे इंडेक्स जुन्या नियमाने लागलेले आणि शोध नव्या नियमाने, अशी स्थिती झाली. टेबलात नोंद असायची आणि शोधल्यावर ‘नाही’ असं उत्तर यायचं. त्याहून वाईट म्हणजे, एकदाच यायला हवं असं बंधन घातलेलं नाव दुसऱ्यांदा बिनबोभाट आत जायचं, कारण पहिलं तपासणीत सापडतच नसे. उपाय म्हणजे इंडेक्स पुन्हा बांधणं. आता पोस्टग्रेस क्रमनियमांची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती बदलली तर इशारा देतो. डेबियनच्या पुढच्या आवृत्तीवर जाल तेव्हा असा इशारा दिसला तर तो दुर्लक्षून पुढे जाऊ नका.

दाराची गोष्ट थोडक्यात. नुकताच बसवलेला पोस्टग्रेस फक्त आपल्याच यंत्राचं ऐकतो. ऑफिसातल्या इतर संगणकांना जोडायचं तर दोन जागी बदल लागतात: मूळ सेटिंग्जमध्ये ऐकण्याचा पत्ता, आणि ‘एचबीए’ या परवान्यांच्या फाइलमध्ये एक ओळ. पहिल्यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, दुसऱ्यासाठी नुसतं रीलोड पुरतं. परवान्यांची फाइल वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ पहिली जुळते तिथेच निकाल लागतो. खालच्या ओळींना मग संधी नसते. म्हणून कडक ओळ खाली आणि सैल ओळ वर असली तर कडक ओळ असून नसल्यासारखी. पासवर्डसाठी ‘स्क्रॅम’ पद्धत ठेवावी, आवृत्ती 14 पासून तीच मूळची आहे. जुन्या लेखांतून ‘एमडी5’ असलेली ओळ उचलू नये. आणि सगळ्या जगाला दार उघडणारा चार शून्यांचा पत्ता तर कधीच नको. दूरवरून काम करायचंच असेल तर एसएसएचच्या बोगद्यातून यावं. 5432 बाहेरच्या जगाला दिसण्याची गरज पडत नाही.

स्मृतीच्या सेटिंग्जवर फार वेळ घालवू नये. मूळचे 128 मेगाबाइटचे बफर जुन्या लहान यंत्रांनाही चालावेत म्हणून ठेवलेले आहेत. यंत्र फक्त डेटाबेससाठी असेल तर एकूण रॅमच्या पाव हिश्शापासून सुरुवात करावी, असं पोस्टग्रेसचं दस्तऐवजीकरणच सांगतं. बाकीचं वापर सुरू झाल्यावर पाहता येईल.

डिस्कचं मात्र समजून घ्यायला हवं. तुम्ही ‘कमिट’ म्हणता आणि सर्व्हर ‘झालं’ म्हणतो, तेव्हा टेबलाच्या फाइलमध्ये बदल झालेला असेलच असं नाही. बदल आधी एका लॉगमध्ये ओळीने लिहिला जातो, तो डिस्कवर पक्का झाला की होकार येतो, आणि टेबलात तो सवडीने उतरतो. वीज गेली तर सर्व्हर उठल्यावर तो लॉग पुन्हा वाचून राहिलेलं काम पुरं करतो. या सगळ्याचा पाया एकच: ‘हे डिस्कवर पक्कं कर’ असं ‘एफसिंक’मार्फत कर्नलला सांगितल्यावर कर्नलने खरं उत्तर द्यावं. 2018 मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांच्या लक्षात आलं की लिनक्समध्ये एक खोच आहे. लिहिताना डिस्कने चूक दिली तर कर्नल ती एकदा कळवायचा, आणि तो मजकूर लिहिला गेला असं धरून मोकळा व्हायचा. पोस्टग्रेस पुन्हा विनंती करायचा, या वेळी उत्तर यायचं ‘ठीक’, आणि प्रत्यक्षात डेटा गेलेला असायचा. पुन्हा विचारल्यावर मिळालेलं ‘ठीक’ खरं असतं, हा समज अनेक वर्षं तसाच चालत आला होता. फेब्रुवारी 2019 मध्ये आलेल्या सुधारित आवृत्त्यांत त्यांनी धोरण बदललं: एफसिंक एकदा जरी फसला तरी सर्व्हर तिथल्या तिथे थांबतो आणि लॉग वाचून पुन्हा उभा राहतो. वरवर पाहता बंद पडणं वाईट. पण खोट्या होकारापेक्षा प्रामाणिक थांबणं निवडलं, यासाठी मी या मंडळींना मनापासून मानतो. वेग वाढावा म्हणून एफसिंक बंद करा असा सल्ला कुठे वाचलात, तर हा प्रसंग आठवा.

राहिला बॅकअप. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने रिकामी करायची म्हणून जी डेटा डिरेक्टरी पुसली, ती चुकीच्या यंत्रावरची, म्हणजे चालू मुख्य सर्व्हरची निघाली. काही सेकंदांत लक्षात आलं, तोवर जवळपास सगळं गेलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले, तर ते ठेवण्याची जागा रिकामी. सर्व्हर होता 9.6 चा, आणि बॅकअप घेणारं ‘पीजी डम्प’ चालत होतं 9.2 चं. जुनं साधन नव्या सर्व्हरपुढे दर वेळी नकार देऊन थांबत होतं. तसं कळवणारे ईमेलही निघत होते, पण समोरची व्यवस्था ते नाकारत असल्यामुळे कोणापर्यंत पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून बाकीचं वाचलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं उघडपणे जगापुढे मांडलं, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं.

म्हणजे एका यंत्रावर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असतील तर कोणतं साधन चालतंय हे पाहायला हवं. डेबियनमध्ये हे वारंवार घडतं, कारण पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दर वर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं आधार मिळतो. नवी बसवली की जुनी 5432 वर तशीच राहते आणि नवीचं कोरं क्लस्टर 5433 वर उभं राहतं. डेटा आपोआप तिकडे जात नाही. ‘पीजी अपग्रेडक्लस्टर’ने न्यावा लागतो.

एका यंत्रावर दोन क्लस्टर चालवण्याची हीच सोय बॅकअप परत भरण्याच्या तालमीसाठी वापरता येते. ‘पीजी क्रिएटक्लस्टर’ने त्याच यंत्रावर ‘तालीम’ नावाचं दुसरं क्लस्टर करा, एन्कोडिंग आणि लोकॅल मूळ क्लस्टरचेच द्या. कालचा बॅकअप त्यात भरा. पहिल्या प्रयत्नात बहुधा तक्रार येते की अमुक नावाचा रोल अस्तित्वात नाही. कारण पीजी डम्प एका डेटाबेसचा मजकूर घेतो, आणि रोल व त्यांचे पासवर्ड अख्ख्या क्लस्टरचे असतात. ते त्यात येत नाहीत. त्यासाठी ‘पीजी डम्पऑल’ला फक्त ‘ग्लोबल्स’ मागून वेगळी फाइल घ्यावी लागते, आणि भरताना ती आधी भरावी लागते. ती भरून पुन्हा सुरुवात करा. मोठ्या टेबलांतल्या नोंदींची संख्या मूळ डेटाबेसशी ताडून पाहा, दोन-तीन मराठी नावं शोधून पाहा, यादी क्रमाने मागवून काळजी काहिलीनंतर येते का ते बघा. तालमीचं क्लस्टर पुसताना आवृत्ती आणि नाव दोन्ही मोठ्याने वाचून मगच एंटर दाबा.